कचरा डेपोवरच्या आमदारबाई

व्हर्ना टॅट्रो पहिल्यांदा निवडून आली, तेव्हा तिच्याविरुद्ध उभा राहिलेला गृहस्थ प्रचाराच्या ऐन दिवसांत तीरकमान घेऊन हरणांच्या मागे जंगलात गेला होता. त्यामुळे त्या विजयाचं फार कौतुक करू नका, असं तीच सगळ्यांना सांगायची. आधीचे आमदार वयामुळे थांबले होते, त्या शिकाऱ्याशिवाय दुसरं कुणी पुढे येईना, आणि चर्चच्या जेवणावळीत कुणीतरी बोलून गेलं, "व्हर्नाला करा की उभी. तिला सगळे रस्ते पाठ आहेत."

रस्ते पाठ होते हे खरं. पाव शतक तिनं आमच्या वेस्ट हार्लोची आणि शेजारच्या दोन गावांची पोरं शाळेच्या बसमधून नेली-आणली होती. व्हरमाँटमधल्या या डोंगराळ भागात निम्मे रस्ते मातीचे. हिवाळ्यात बर्फ, मार्चमध्ये गुडघाभर चिखल. त्यातून बस काढणारी बाई विधिमंडळातून काहीतरी नक्की काढेल, असा लोकांचा हिशेब असावा. शिवाय गावातल्या चाळिशीखालच्या कुणालाही ती शेंबडा असल्यापासून ओळखायची. मोठे बाप्ये झालेले लोकही तिला 'मिसेस टॅट्रो' म्हणत आणि समोर आली की खिशातले हात बाहेर काढत.

मी मर्ल. गावच्या कचरा डेपोवर असतो. आमच्याकडे घरोघर फिरणारी गाडी नाही. शनिवारी सकाळी ज्यानं त्यानं आपला कचरा घेऊन यायचं, पिशवीवर गावचं तिकीट चिकटवायचं, काच काचेत टाकायची, पत्रा पत्र्यात, जुनं तेल टाकीत. जेवायची वेळ झाली की मी फाटक लावतो. व्हर्ना आणि मी एका वर्गात होतो, त्यामुळे मला ती कधीच 'मिसेस टॅट्रो' वाटली नाही.

जानेवारीत अधिवेशन सुरू झालं. मंगळवारी सकाळी ती डोंगर ओलांडून माँटपिलियरला जायची आणि शुक्रवारी संध्याकाळी परत यायची. आमच्या आमदाराला कार्यालय नसतं, सचिव नसतो. सभागृहातली एक खुर्ची आणि खोकंभर कागद, एवढाच थाट. दर शुक्रवारी रात्री ती जेवणाच्या टेबलावर बसून मतदारांसाठी वार्तापत्र लिहायची आणि संगणकावरून पाठवायची. 'सदर विधेयक समितीच्या विचारार्थ पुढे ठेवण्यात आले असून' असल्या भाषेत. बस चालवताना तिनं आयुष्यात कधी 'सदर' म्हटलं नव्हतं. निम्म्या डोंगरावर इंटरनेट पोचत नाही, आणि जिथे पोचतं तिथे लोक ते वार्तापत्र उघडत नव्हते.

फेब्रुवारीत एका शनिवारी ती डेपोवर आली ती फणफणत. बाटल्या एकेक करून काचेच्या पेटीत आपटायला लागली.

"काय झालं?" मी विचारलं.

"दुकानात गेले होते. गल्ल्यावरचा म्हणतो, काय व्हर्ना, ते तुझं विधिमंडळ सुरू कधी होतंय? महिना झाला रे जाऊन मला. कुणी वाचत नाही मी लिहिलेलं."

"मी वाचलं."

"बरं. काय होतं त्यात?"

मी जरा आठवून पाहिलं. "तुझा फोटो चांगला आला होता."

तिनं आणखी एक बाटली आपटली. तिचा राग जरा निवल्यावर मी म्हटलं, "हे बघ, चर्चला अर्धं गाव जातं. दुकानात पाऊण गाव. इथे मात्र सगळे येतात. कचरा सगळ्यांकडे असतो. तुला सांगायचंच असेल तर इथे येऊन सांग."

पुढच्या शनिवारी मी फाटक उघडलं तेव्हा ती घडीची खुर्ची घेऊन उभी होती. काचेच्या पेटीशेजारी भिंतीचा आडोसा आहे, वारा लागत नाही. तिथे बसली. पुठ्ठ्यावर जाड अक्षरात लिहून आणलं होतं: 'या आठवड्यात काय झालं ते विचारा.'

पहिल्या दिवशी कुणी विचारलं नाही. लोकांना वाटलं, ही कशावर तरी सह्या घेतेय. दोघं-तिघं तर काच तशीच परत घरी घेऊन गेले. मग डॅरिल आला. डॅरिलचा टोइंगचा ट्रक आहे, माणूस दारात मावत नाही. तो डोकं खाली घालून पेटीकडे सरकला.

"डॅरिल," व्हर्ना म्हणाली, "टोपी वर कर, कान दिसू देत. आता ऐक."

डॅरिलनं टोपी वर केली. ऐकलं. मागे आणखी दोघं थांबले, कारण पेटीच्या तोंडाशी डॅरिल उभा असताना दुसऱ्या कुणाला पुढे जाता येत नाही. तशी तिची पहिली सभा झाली.

तिचं बोलणंही हळूहळू सुधारलं. वार्तापत्रातली भाषा इथे चालत नव्हती. थंडीत उभं राहून 'सदर' कोण ऐकणार? एकदा तिला कुणी विचारलं, आठवडाभर केलंत काय? ती म्हणाली, "मंगळवारचा दिवस दोन शब्दांत गेला. गावांनी पूल तपासावेत लिहायचं, की गावांना पूल तपासता येतील असं लिहायचं. 'तपासावेत' म्हटलं की गावाला पैसा काढावा लागतो. 'तपासता येतील' म्हटलं की गाव काही करत नाही."

"मग काय लिहिलंत?"

"जेवायला गेलो."

लोकांना हे आवडलं. तिथे काय चालतं याचं पहिल्यांदाच काहीतरी डोळ्यांपुढे आलं. एखादी गोष्ट ठाऊक नसली तर ती सरळ म्हणायची, "माहीत नाही. पुढच्या शनिवारी सांगते." आणि पुढच्या शनिवारी खरंच सांगायची, विचारणारा विसरला असला तरी. पोत्यासकट पळणाऱ्याला हाक मारून सांगायची. हळूहळू लोक मुद्दाम थांबायला लागले. कुणी थर्मासमधून कॉफी आणायचं, कुणी गरम डोनट. माझं डेपोवरचं वजनही जरा वाढलं, ते असो.

दुसऱ्या हिवाळ्यात ते मोडक्या गाड्यांचं विधेयक आलं.

व्हर्नाला वाहतुकीची समिती हवी होती. बस चालवलेली बाई, साहजिकच होतं. तिला दिली जमीन आणि पाण्याची समिती. तिथे दक्षिणेकडच्या कुणा आमदारानं हे विधेयक टाकलं. नंबरपाटी नसलेल्या तीनपेक्षा जास्त गाड्या रस्त्यावरून दिसत असतील, तर मालकानं दरवर्षी परवाना काढायचा आणि भोवती कुंपण घालायचं.

आता आमच्याकडे अंगणात दोन-चार मेलेल्या गाड्या नाहीत असं घर शोधावं लागेल. एक चालू ठेवायची तर दोन सुट्या भागांसाठी लागतात, हा साधा हिशेब आहे. आणि व्हर्नाचा धाकटा भाऊ रॉइस पेकोर याच्या माळावर तर चाळीसेक गाड्या होत्या. कुणाचा आरसा फुटला, दार गंजलं, सायलेन्सर गळून पडला की रॉइसचा माळ. तो पैसे घ्यायचा, कधी घ्यायचा नाही, पण प्रत्येक भागाबरोबर ती गाडी कुणाची होती आणि कुठे आपटली याची गोष्ट सांगितल्याशिवाय सोडायचा नाही.

विधेयक समितीत आलं त्याच शनिवारी व्हर्नानं डेपोवर ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "जरा थांबली असतीस. कदाचित तिथल्या तिथे मेलंही असतं."

"मी लपवलं असतं तर दुसरीकडून कळलं असतं. मग ते मीच आणलं असं झालं असतं," ती म्हणाली.

तरी व्हायचं ते झालंच. दोन दिवसांत गावात बातमी पसरली की सरकार ट्रॅक्टर उचलून नेणार. आणखी दोन दिवसांनी त्यात गवत कापायची यंत्रं आली. शुक्रवारी एका बाईनं तिला फोन करून विचारलं, आमच्या आजोबांची घोड्याची जुनी, बर्फावरची घसरगाडी कोठारात आहे, ती धरतात का? व्हर्ना म्हणाली, "तिला चाकं आहेत का?" "नाहीत." "मग निर्धास्त झोपा."

पुढच्या शनिवारी रॉइस आला. ट्रक बरोबर तिच्या खुर्चीसमोर उभा केला आणि खाली न उतरता काच खाली केली.

"कुठल्या शहाण्यानं आणलंय हे?"

"दक्षिणेकडच्या. तिकडे स्कीला येणारे लोक तक्रार करतात म्हणे, रस्त्यावरून वाईट दिसतं."

"मग त्यांना म्हणावं, रस्त्याकडे बघून गाडी चालवा."

सगळे हसले. व्हर्नाही हसली. "हे समितीत सांगू का?"

"सांग. माझं नाव घालून सांग."

आणि तिनं सांगितलं. पुढच्या आठवड्यात येताना समितीच्या इतिवृत्ताची प्रतच घेऊन आली. त्यात छापलं होतं: 'वेस्ट हार्लोचे श्री. रॉइस पेकोर यांच्या मते वाहनचालकांनी रस्त्याकडे पाहावे.' रॉइसनं तो कागद चौकट करून आपल्या शेडमध्ये लावला. येणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी तो वाचावा लागायचा, मग सायलेन्सर मिळायचा. इथवर सगळं मजेत चाललं होतं.

त्याच महिन्यात एका शनिवारी मी फाटक लावायच्या बेतात असताना थीडा किट्रेज आल्या. ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांचं घर रॉइसच्या माळाच्या बरोबर खाली, उतारावर. पूर्वी त्या शाळेत शिकवायच्या, मला आणि व्हर्नालाही. सगळे जाईपर्यंत त्या गाडीतच बसून होत्या. मग उतरल्या आणि कोटाच्या खिशातून लोणच्याची बरणी काढून व्हर्नाच्या हातात दिली. बरणीत पाणी होतं.

"वास घे."

व्हर्नानं झाकण काढून वास घेतला आणि बरणी माझ्याकडे दिली. गॅरेजमध्ये शिरल्यावर येतो तसा वास होता.

"माझ्या विहिरीचं आहे," थीडा म्हणाल्या. "गेल्या उन्हाळ्यापासून. पिण्याचं मी विकत आणते."

"मिसेस किट्रेज, मी आजच रॉइसला—"

"त्याला मुळीच सांगायचं नाहीस. कुणालाच नाही. आणि मर्ल, तू पण." माझ्याकडे त्यांनी वर्गात बघायच्या तसंच बघितलं. "बर्फ पडला की माझं अंगण कोण साफ करतं? रॉइस. न बोलावता येतो. पैसे देऊ केले की टोपी डोळ्यांवर ओढतो. एक कप कॉफी पितो आणि जातो. तो नसता तर मी केव्हाच लेकीकडे फ्लोरिडाला गेले असते. मला फ्लोरिडा आवडत नाही."

"पण त्यानं मुद्दाम नाही केलेलं. कळलं तर तो—"

"कळलं तर त्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पुन्हा माझ्या स्वयंपाकघरात बसणार नाही तो."

व्हर्ना खुर्चीची घडी घालत होती, ती तशीच थांबली. "मग मला कशाला सांगितलंत?"

"तू आमदार आहेस ना? मग कायदा असा कर, की त्याला तेल काढावंच लागेल. आणि माझं नाव कुठे यायला नको."

एवढं बोलून त्या बरणी घेऊन गेल्या. पिशवी टाकायची राहिलीच. ती मी टाकली.

व्हर्ना खुर्ची काखेत मारून फाटकाशी आली. "सगळं सांगणार म्हणून बसलेय इथे," ती म्हणाली, "आणि पहिलं खरं काम आलं, ते तोंडातून काढायचं नाही."

"पाळशील?"

"शब्द कुठे दिलाय मी? त्यांनी विचारलंच नाही. गृहीत धरलं." मग म्हणाली, "म्हणजे पाळायलाच हवा."

पुढचे तीन आठवडे ती समितीत भांडत होती. रस्त्यावरून दिसण्याचं कलम तिनं काढायला लावलं. परवाना गेला, कुंपण गेलं, शेतीची यंत्रं वगळली गेली. त्याजागी तिनं एकच गोष्ट घातली. बंद पडलेली गाडी जमिनीवर ठेवायची तर तिचं तेल, पेट्रोल, बॅटरी आधी काढायची, आणि कुणाच्या विहिरीच्या वरच्या अंगाला ती उभी करायची नाही.

शनिवारी तिनं हे सांगितलं, तेव्हा आधी लोकांनी मान डोलावली. कुंपण गेलं ना, मग झालं. रॉइस मात्र ट्रकमधून खाली उतरला.

"दिसण्याचं गेलं, ठीक. हे झिरपण्याचं कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"माझ्या."

"तुझ्या डोक्यात कुणी घातलं?"

मी काचेच्या पेटीत उगाच वाकून पाहिलं.

"ते नाही सांगणार," ती म्हणाली.

"माहीत नाही, असं म्हण की. पुढच्या शनिवारी सांगते म्हण."

"माहीत आहे. सांगणार नाही."

त्या जागेवर बसून ती असं कधीच बोलली नव्हती. जमलेल्या लोकांच्या चेहऱ्यांवरनं काहीतरी सरकून गेल्यासारखं झालं. डॅरिलनं टोपी खाली ओढली. रॉइस म्हणाला, "म्हणजे आता इथेही कुजबुज सुरू. कुणी शहरवाल्यानं कानात सांगितलं, आणि भावाच्या माळावर कायदा." तो ट्रकमध्ये बसला आणि गेला. त्या दिवशी त्याची पिशवीही राहिली. मला वाटतं, डेपो चालवणाऱ्याला माणसांच्या मनाचा अंदाज न टाकलेल्या पिशव्यांवरून येतो.

नंतरचे शनिवार कठीण गेले. लोक यायचे, मान हलवायचे, पुढे जायचे. डोनट बंद झाले. मी तिला माझ्या थर्मासमधली कॉफी द्यायचो, आणि ती माझी कॉफी किती वाईट असते हे सांगायची, तेवढंच काय ते बोलणं. मार्चमध्ये गावसभा झाली. वर्षातून एकदा सगळं गाव शाळेच्या हॉलमध्ये जमतं, अंदाजपत्रक मंजूर करतं आणि मग घरून आणलेलं एकत्र बसून जेवतं. आमदारानं तिथे दहा मिनिटं बोलायचं, अशी पद्धत. व्हर्ना बोलायला उठली तसं मागून कुणीतरी विचारलं, "तुम्ही नक्की काम कुणासाठी करता?"

"तुमच्यासाठी," ती म्हणाली. "त्यात इथे हात वर न करणारेही आले."

कुणाला अर्थ लागला नाही. थीडा पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या विणकाम करत राहिल्या, पण सुया जरा जोरात चालल्या होत्या. व्हर्नाचं भाषण संपलं, आणि टाळ्यांऐवजी वाढपाच्या टेबलावरचे चमचे तेवढे वाजले.

विधेयक मार्चअखेर खालच्या सभागृहात मतदानाला आलं. मंगळवारी व्हर्नानं बाजूनं मत दिलं आणि ते मंजूर झालं.

बुधवारी इकडे अवेळी जड, ओला बर्फ पडला. नेहमीप्रमाणे रॉइस पुढे बर्फ लोटायचं पातं लावलेला ट्रक घेऊन थीडांच्या अंगणात गेला. हे पुढचं मला थीडांनी सांगितलं. कॉफी प्यायला तो आत आला, तेव्हा फडताळाशेजारी विकतच्या पाण्याच्या कॅनची ओळ होती. एरवी थीडा ते कॅन कोठीत लपवायच्या. त्या दिवशी बर्फाच्या भीतीनं जास्त आणून ठेवले होते, आणि ते झाकायचं राहिलं.

"हे कशाला?" रॉइसनं विचारलं.

"लेक म्हणते विकतचं चांगलं असतं," थीडा म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नाही. शिकवायच्या तेव्हाही यायचं नाही.

रॉइस उठला, नळाखाली पेला धरला आणि नाकाजवळ नेला. जन्मभर इंजिनात हात घातलेला माणूस. त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. थीडा बघत राहिल्या. त्यानं तो पेला पूर्ण प्यायला.

"चांगलं आहे की पाणी," तो म्हणाला. टोपी घातली, बाहेर जाऊन ट्रकमध्ये बसला, आणि इंजिन चालू न करता बराच वेळ तसाच बसून राहिला. थीडांनी खिडकीतून पाहिलं. नंतर म्हणाल्या, "माझी कॉफी अर्धी टाकून गेला, असं पहिल्यांदाच झालं."

शनिवारी डेपोवर गर्दी होती. व्हर्ना खुर्ची उघडायच्या आधीच बोलली. "मंगळवारी मतदान झालं. मी बाजूनं मत दिलं. आता विचारा."

विचारलं कुणीच नाही, सगळ्यांनी सुनावलंच. डॅरिल म्हणाला, "मिसेस टॅट्रो, तुम्ही आमच्यातल्या होतात." हे तिला लागलं. मी पाहिलं, तिनं हातमोजे काढले आणि पुन्हा घातले. तरी ती उभी राहिली आणि प्रत्येकाला उत्तर देत होती. कुणाला विहिरीचं अंतर, कुणाला बॅटरीचं, कुणाला नुसतं "हो, तुझं म्हणणं मी ऐकलं."

तेवढ्यात रॉइसचा ट्रक आला. लोक बाजूला झाले, आता खरी गंमत म्हणून. तो बहिणीकडे न बघता ट्रक मागे घेत घेत थेट जुन्या तेलाच्या टाकीपाशी गेला. उतरला, मागची फळी खाली केली. आत पिंपं होती.

"मर्ल, हे इथेच ओतायचं ना?"

"किती आहे?"

"आज एवढंच. अजून येईल."

डॅरिल बघत होता. "रॉइस, कायदा अजून झाला पण नाही रे. वरचं सभागृह राहिलंय."

"गाड्या माझ्या. तेल माझं. तुला काय करायचंय?"

रॉइसनं पहिलं पिंप फळीच्या कडेला ओढलं. व्हर्ना गर्दीतून निघाली, गेली, आणि पिंपाची दुसरी बाजू धरली. मी नरसाळं धरून उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"कळलं तुला?" तिनं हळूच विचारलं.

"काय कळायचंय?"

"काही नाही."

"मग नीट धर. बूट खराब होतील तुझे. आमदारांचे बूट."

पुढचे सहा-सात शनिवार तो पिंपं आणत राहिला. का, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, आणि त्याच्यासारख्यानं काढलं म्हटल्यावर आणखी दोघं-चौघं कुरकुरत आपापलं तेल घेऊन आले. मे महिन्यात अधिवेशन संपलं. त्या शनिवारी व्हर्नानं सांगितलं, "मोडक्या गाड्यांचं विधेयक वरच्या सभागृहानं घेतलंच नाही. समितीच्या पेटीत पडून राहिलं आणि वेळ संपली. मेलं ते."

रॉइसच्या हातात तेव्हाही पिंप होतं. "म्हणजे मी अर्धा माळ रिकामा केला तो फुकट?"

"कायद्याच्या दृष्टीनं, हो."

"मग आता काय?"

"जानेवारीत परत आणते."

"नको आणू. तोवर उरलेल्या माळाचंही काढून होईल," तो म्हणाला आणि पिंप ओतलं.

उन्हाळ्यात त्याचा एक मेव्हणा विहिरी खोदायचं यंत्र घेऊन आला. यंत्र नवीन आहे, कुठेतरी चालवून बघायचंय, असं सांगून दोघांनी थीडांच्या घराच्या कडेला, माळाचं पाणी उतरत नाही अशा जागी, नवी विहीर काढली. थीडांनी ते कारण खरं मानल्याचं दाखवलं. रॉइस आणि त्या, दोघंही काही माहीतच नसल्यासारखं वागत होते आणि कॉफी पीत होते.

नोव्हेंबरची निवडणूक व्हर्नानं जिंकली, पण जेमतेम. या खेपेचा विरोधक शिकारीला गेला नव्हता. निकालानंतरच्या शनिवारी ती डेपोवर आली तेव्हा मी म्हटलं, "आज कशाला? अधिवेशन तर जानेवारीत. सांगायला आहे काय?"

"कचरा टाकायला आलेय," ती म्हणाली. पण दोन पिशव्या टाकून होईतो डॅरिलनं तिला गाठलं. शाळेच्या बसचा मार्ग बदलणार म्हणतात, खरं का? त्याची पोरगी त्या वर्षी पहिलीत गेली होती. उत्तर लांबलं. पाऊण तास ती तिथे उभी होती, खुर्ची नव्हती तरी.

थीडांनी तोंड उघडलं ते पुढच्या मार्चच्या गावसभेत. व्हर्नानं बोलायला सुरुवात केली होती, तोच त्या उठल्या. अध्यक्ष म्हणाले, "मिसेस किट्रेज, प्रश्न शेवटी." त्या म्हणाल्या, "मी तुला तिसरीत शिकवलंय, बस खाली." अध्यक्ष बसले.

"गेल्या वर्षी तुम्ही सगळे विचारत होतात, हिच्या डोक्यात ते कुणी घातलं," थीडा म्हणाल्या. "मी घातलं. माझ्या विहिरीला पेट्रोलचा वास येत होता. तिला मीच गप्प बसायला सांगितलं होतं. आता विहीर नवी आहे, पाणी चांगलं आहे, आणि ज्यानं ती करून दिली त्यानं मला मेव्हण्याच्या यंत्राची थाप मारली."

सगळ्यांच्या माना रॉइसकडे वळल्या. तो शेवटच्या रांगेत होता. कानापर्यंत लाल झाला, उठला, बाहेर बर्फ भुरभुरतोय, अंगणं बघायला हवीत, असं काहीतरी पुटपुटला आणि निघाला. बाहेर लख्ख ऊन होतं. दारात डॅरिल उभा होता. त्यानं बाजूला होऊन वाट दिली आणि जाता जाता त्याच्या पाठीवर अशी थाप दिली, की रॉइस एक पाऊल पुढेच गेला.

व्हर्नानं टेबलावरचे आपले कागद सारखे केले. "मी रस्त्यांच्या निधीबद्दल सांगत होते," ती म्हणाली. आणि तिनं रस्त्यांचा निधी सांगितला, पुलांचं 'तपासावेत' की 'तपासता येतील' ते अजून चालू असल्याचं सांगितलं, मालमत्ता करात काय बदलणार तेही सांगितलं. फारसं ऐकण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि वाढपाच्या टेबलावरचं जेवण निवत होतं. पण ती बसेपर्यंत कुणी चमच्याला हात लावला नाही.